सोनारीच्या विहिरीतला ओळंबा

अर्जदार : शिवाप्पा गवंडी, वय अंदाजे साठ, धंदा चुन्याचे बांधकाम, मूळचा नळदुर्गाकडचा, हल्ली मुकाम सोनारी, तालुका परंडा.

विरुद्ध पक्ष : मारुतराव गुत्तेदार, ज्यांनी सोनारीच्या नव्या विहिरीच्या बांधकामाचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतला होता.

तक्रारीचे कारण : सदर विहिरीची आतली दगडी भिंत ढासळून एका मजुराचा पाय मोडला.

काळ : फसली सन तेराशे पंचावन्न, माह दै. म्हणजे महायुद्ध संपले त्या सालचा कार्तिक, भैरवाष्टमीच्या लगतचे दिवस.

साक्षीदार : एक, बाबू गुरव, सोनारीच्या काळभैरवाचे पुजारी. दोन ते पाच, गावातील चार इसम, ज्यांनी अंगठे दिले पण काही पाहिले नव्हते. सहा, एक पितळी ओळंबा.

लिहिणार : नरहर त्र्यंबक वाशीकर, परवानाधारक अर्जनवीस, परंडा तहसील कचेरीसमोर, लिंबाखाली.

आधी नावे, मग काळ, मग हकीकत, शेवटी मागणी, असा माझा वीस वर्षांचा शिरस्ता आहे. तो इथेही मोडत नाही. ओळंब्याला साक्षीदारांत का घातले, ते हकीकतीवरून कळेल.

"बापू, म्या त्या हिरीवर व्हतो," शिवाप्पा म्हणाला. "दोन्ही पहाटं व्हतो. पर बघितलं कुनीच न्हाय."

तो माझ्या चटईसमोर उकिडवा बसला होता. अंगावर चुन्याचे पांढरे ठिपके. हात मात्र मांडीवर गप्प पडलेले. गवंड्याचे हात असे गप्प मी पहिल्यांदाच पाहिले.

अर्जनवीस म्हणजे काय, हे ज्यांना कचेरीची पायरी चढावी लागलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सरकारात तोंडी गाऱ्हाणे चालत नाही. ते कागदावर, ठरलेल्या भाषेत, स्टॅम्प लावून द्यावे लागते. असे कागद लिहिण्याचा परवाना माझ्याकडे आहे. माझी शाळा मराठी चौथीपर्यंत झाली, उर्दू एका मौलवीसाहेबांनी शिकवली, आणि पुढचे सारे शिक्षण लिंबाने दिले. परंड्यात चार अर्जनवीस आहेत. अवघड मामला असला की लोक माझीच चटई शोधतात.

गुत्तेदारांनी रिपोर्ट दिला होता तो असा : गवंडी दोन दिवस गैरहजर. नळदुर्गास लग्नाला गेला. भिंतीवर पाणी मारले नाही. चुना कच्चा राहिला, सबब भिंत कोसळली.

चुन्याचे बांधकाम झाले की त्यावर रोज पहाटे आणि संध्याकाळी पाणी मारावे लागते. तसे न केल्यास चुना वरून वाळतो आणि आतून भुसा होतो. म्हणून हा आरोप लहान नव्हता. तो शाबीत झाला असता तर शिवाप्पा हवालातीत गेला असता आणि सरकारी कामावर त्याला जन्मभर बंदी आली असती. साठीच्या गवंड्याला दुसरे कोणते काम येणार?

"पहाटे तिथे दुसरे कोणीच नव्हते?" मी विचारले.

"इल्ला, न्हाय, बापू. अष्टमीचा उत्सव झालेला. सारं गाव दमून निजलेलं."

"काही खूण? काही निशाणी?"

तो घुटमळला. "एक हाय. पर तुमी हसाल."

"मी परवानाधारक आहे. मी हसत नाही."

मग त्याने सांगितले. तो बोलत असताना मी माझ्या कच्च्या वहीत मोडीत ते उतरवून घेतले. हीसुद्धा माझी पद्धत आहे. अशील आला की आधी त्याचे शब्द कच्च्या वहीत, अनुक्रम नंबर घालून. मग त्यावरून पक्का अर्ज. कच्च्या वहीचे पान मी कधी फाडत नाही.

शिवाप्पाची स्वतःची एक रीत होती. विहिरीच्या तोंडावर आडवा दांडा टाकून तो त्याला सोळा हात दोरीवर ओळंबा सोडायचा. ओळंबा म्हणजे दोरीच्या टोकाला बांधलेले वजन. भिंत सरळ उभी आहे की कलली, हे गवंडी त्यावरून पाहतात. इतर गवंडी काम संपले की ओळंबा गुंडाळून ठेवतात. शिवाप्पा रात्रभर तो लोंबता ठेवी. पहाटे पाणी मारायच्या आधी भिंत रात्रीतून हलली का, ते तपासायचे, असे त्याच्या वडिलांनी शिकवले होते.

"त्यातल्या पैल्या पहाटं म्या कंदील घिऊन वाकलो," तो म्हणाला. "तर ओळंबा झुलतोय. हळू, लई हळू. लेकराचा पाळना झुलावा तसा. हिरीत वारं कुठलं? म्या दोरी हातानं थांबवली. सोडली, तर पुन्यांदा झुलाय लागला."

"आणि?"

"खाली पानी बी काठाला चुपूक चुपूक लागत व्हतं. दगूड न्हाय, बेडूक न्हाय. मला घामच फुटला, बापू. चार घागरी पानी मारून हुईस्तोवर ओळंबा झुलत व्हता. मग थांबला."

"वेळ कोणती?"

"चंद्र अर्ध्या आभाळात चढलेला. गावात एक बी जातं सुरू झालं नव्हतं."

"कोणत्या बाजूला झुलत होता?"

"मावळतीकडं. जरा उत्तरंच्या अंगाला कलून. उजाडल्यावर बाबू गुरव झाडायला आला, त्याला सांगितलं तर म्हनला, शिवाप्पा, हिरीत आसरा, पान्यातल्या बाया, असत्यात, नारळ दे."

भिंत त्यानंतर दुसऱ्या दिवशी भर दुपारी पडली.

मी हसलो नाही, पण मला त्यात काही दम दिसला नाही. एक्केचाळीस नंबर घालून नोंद बंद केली. त्यानंतर येरमाळ्याचे एक गृहस्थ आले. त्यांची म्हैस परंड्याच्या कोंडवाड्यात अडकली होती. त्यांचा अर्ज बेचाळीस नंबर. तो मी त्याच दिवशी कचेरीत दाखल केला. म्हशीची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बार्शीच्या लॉरीतून वर्तमानपत्र आले. ते आमच्याकडे शिळे होऊनच पोचते. मी चहाच्या दुकानात बसून ते उघडले, आणि कप तसाच राहिला.

मुंबईपासून शेकडो कोस दूर, मकरानच्या किनाऱ्याजवळ, समुद्राच्या तळाखाली, मोठा भूकंप! मुंबईच्या किनाऱ्यावर सकाळी आठनंतर समुद्र एकाएकी चढला, माणसे वाहून गेली! आणि दिवस? शिवाप्पाच्या ओळंब्याचाच दिवस!

मी उठून उभा राहिलो. दुकानदार म्हणाला, "काय वो बापू, इंचू चावला का?"

"अरे, पृथ्वी हलली!" मी म्हणालो.

अर्जनवीसाच्या आयुष्यात म्हशी, बांध, वाटण्या आणि भाऊबंदकी यांशिवाय काय असते? आणि इथे खुद्द समुद्र माझ्या चटईवर चालत आला होता. त्या उत्साहात मी शिवाप्पाला बोलावून घेतले आणि पक्का अर्ज लिहिला. सात पाने. त्यात मी असे मांडले की भूकंपाच्या हादऱ्याने भिंत खिळखिळी झाली व दुसऱ्या दिवशी कोसळली. ही आफत आसमानी आहे, अर्जदार निर्दोष आहे. वेळ लिहिली : सकाळी आठ.

मी वाचून दाखवले. शिवाप्पाने मान वर केली.

"बापू, आठ न्हाय. पहाट म्हना की."

"शिवाप्पा, हे बघा. छापलेले आहे. मुंबईला समुद्र आठनंतर चढला. मग भूकंप त्याच वेळी झाला असणार. तुमच्या चंद्राला कचेरीत कोण विचारतो?"

"पर आठाला तर म्या न्याहारी करत व्हतो."

"तुम्ही दगड जाणता, मी कागद जाणतो."

मी सोनारीला जाऊन आठ वाजता जमीन हलल्याबद्दल पाच जणांचे अंगठे आणले. लोकांनी उत्साहाने दिले. भूकंपात आपले नाव असावे, असे कोणाला वाटत नाही?

अर्जाच्या शेवटी ठरलेले वाक्य लिहिले : "सदर मजकूर अर्जदाराने सांगितला तसा लिहिला असून वाचून दाखविल्यावर त्याने कबूल केला." हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्याची ढाल आहे. मजकूर खोटा निघाला तर अर्जदार पकडला जातो. लिहिणारा सुटतो.

त्या वेळचे तहसीलदारसाहेब वयाने लहान, हैद्राबादेस सायन्स शिकलेले. घरची भाषा उर्दू, पण मराठी सफाईने बोलत. राग आला की मात्र उर्दूत शिरत. त्यांनी माझा अर्ज वाचला, पेशी, म्हणजे सुनावणी, पुढे ढकलली आणि राजधानीतल्या, म्हणजे हैद्राबादच्या, वेधशाळेला पत्र घातले. तिथे जमिनीचे कंप लिहून काढणारे यंत्र आहे. हे ऐकून मी परंड्यात सांगत सुटलो की माझ्या अर्जाची दखल राजधानीत घेतली गेली.

पेशीच्या दिवशी कचेरी भरली होती. गुत्तेदार मारुतराव रेशमी फेटा बांधून आले होते.

"समुद्रात भूकंप आन् सोनारीत हीर पडली!" ते मोठ्याने म्हणाले. "उद्या म्हनाल, लंकेत कुनी शिंकलं आन् परंड्याला पडसं झालं!"

लोक हसले. पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारा कारकून, तोही हसला. साहेब हसले नाहीत.

"बाबू गुरव, पुढे या. सकाळी आठ वाजता जमीन हलली?"

बाबू गुरवाने आधी माझ्याकडे पाहिले, मग साहेबांकडे.

"सायब, आठाला म्या देवाला पानी घालत व्हतो. समई बी हलली न्हाय. पर वाशीकरबापू एवढ्या लांबनं आलं, म्हनले हलली, म्हनून आंगठा दिला. मानसाचं मन कशाला मोडा?"

साहेबांनी वेधशाळेचे पत्र उघडले. ते इंग्रजीत होते. त्यांनी ते एक एक ओळ मराठीत सांगितले, आणि ओळीगणिक माझी सात पाने खोटी ठरत गेली. तरीही खरे सांगतो, त्याच वेळी माझ्या अंगावर काटाही उभा राहत होता. इतकी नवलाची गोष्ट मी त्याआधी ऐकली नव्हती.

भूकंप पहाटे साडेतीनच्या सुमारास झाला. समुद्राच्या तळाखाली, आणि फार खोल नव्हे. उथळ. खोलवर झाला असता तर समुद्राचा तळ एवढा उचलला गेला नसता. तो उथळ होता म्हणून तळ उचलला गेला, आणि तळाबरोबर वरचे सगळे पाणी. ते पाणी लाट होऊन निघाले आणि मुंबईला आठनंतर पोचले. जमिनीतला हादरा मात्र काही मिनिटांतच राजधानीच्या यंत्राला पोचला होता.

"म्हणजे हादरा आणि लाट एकदम येत नाहीत?" माझ्या तोंडून निघून गेले. पेशीत अर्जनवीसाने बोलायचे नसते.

साहेबांनी उत्तर देण्याआधी मागून शिवाप्पा हळूच म्हणाला, "बापू, येडशीच्या ठेसनात रुळाला कान लावा. आवाज आधी येतो. गाडी किती तरी येळानं येती."

साहेबांनी पत्र खाली ठेवले. "बराबर! हाच हिसाब. जमीन म्हणजे रूळ. लाट म्हणजे गाडी."

मग त्यांनी मोजमाप समजावले. एक घोडेस्वार आणि एक पायी जासूद एकाच ठिकाणाहून एकाच वेळी निघाले असे समजा. गाव जवळ असेल तर दोघे मागेपुढेच पोचतील. गाव लांब असेल तर घोडेस्वार आधी येईल आणि जासूद फार उशिरा. दोघांतला वेळ मोजला की किती लांबून आले ते कळते. भूकंपातूनही दोन तऱ्हेचे हादरे निघतात, एक जलद आणि एक मंद. यंत्राची सुई दोन्ही लिहिते. मधल्या वेळेवरून अंतर निघते. अशी तीन ठिकाणांची अंतरे जुळवली की भूकंपाची जागा सापडते.

"आणि जोर?" आता राहवेना म्हणून पेशकारही बोलला.

"जोर दोन तऱ्हेने मोजतात. परंड्याच्या किल्ल्यावरची मोठी तोफ उडवली तर बार एकच. त्याचा आकडा एकच. पण बुरुजावरच्या माणसाच्या कानठळ्या बसतील, आणि लांब वाशी गावातल्या माणसाला नुसता धप्प ऐकू येईल. जागोजागी किती जाणवले, तो हिसाब निराळा. मकरानचा बार फार मोठा होता. पण त्या बारापासून सोनारी वाशीपेक्षाही किती तरी लांब. वेधशाळा लिहिते, त्या अंतरावर झोपलेला माणूस जागा होणार नाही. विहिरीची भिंत पडणे तर दूरच."

साहेबांनी माझी सात पाने उचलली. आता ते उर्दूत शिरू लागले.

"वेळ झूठ. कारण झूठ. पाच अंगठे झूठ. यह अर्जी है या किस्सा? गवंडी, तू कचेरीला फसवलंस?"

शिवाप्पाने माझ्याकडे बोटही दाखवले नाही. फक्त पाहिले. भिंत सरकली का ते पाहावे, तसे.

गुत्तेदारांचा फेटा हलला. ते हसत होते. पेशकाराने हवालातीचा कागद पुढे ओढला.

माझी ढाल माझ्यापुढेच होती. सातव्या पानावर, माझ्याच हातची. "अर्जदाराने सांगितला तसा लिहिला." मी गप्प राहिलो असतो तर माझे काही बिघडत नव्हते. बोललो तर परवाना जाणार. परवाना नसलेला अर्जनवीस म्हणजे लिंबाखाली बसलेला एक माणूस.

मी उभा राहिलो.

"हुजूर, सकाळी आठ हे माझे आहे. अर्जदाराचे नाही."

पेशकाराचा हात हवालातीच्या कागदावर थांबला आणि मी पुढे म्हणालो,

"भिंत भूकंपाने पडली हेही माझेच. अर्जदार असे कधीच म्हणाला नाही. तो एवढेच म्हणाला की मी तिथे होतो आणि ओळंबा हलला. त्याने पहाट सांगितली. मी ती वर्तमानपत्र पाहून बदलली. त्याचे मूळ शब्द माझ्या कच्च्या वहीत आहेत."

"आज लिहून आणले असतील," गुत्तेदार म्हणाले.

"वही तपासावी. एक्केचाळीस नंबर."

साहेबांनी वही मागवली. त्यांना मोडी येत नव्हती, म्हणून पेशकाराला वाचायला सांगितले. पण त्याआधी शिवाप्पाला जवळ बोलावून म्हणाले, "तू सांग. पेशकार मनातल्या मनात वाचेल. चूक झाली तर बोट वर करेल."

शिवाप्पाने पुन्हा सगळे सांगितले. ओळंबा. पाळणा. पाणी काठाला लागत होते ते. चंद्र अर्ध्या आभाळात. जाते सुरू झालेले नव्हते. मावळतीकडे, जरा उत्तरेच्या अंगाला. चार घागरी. सगळ्यांचे डोळे पेशकाराच्या बोटावर होते. ते बोट एकदाही वर गेले नाही.

"मकरान इथून कुठल्या दिशेला?" साहेबांनी स्वतःलाच विचारले आणि भिंतीवरच्या नकाशाकडे गेले. काठी सोनारीवर ठेवली आणि सरळ नेली. मावळतीकडे, जरा उत्तरेच्या अंगाला.

"योगायोग असू शकेल," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज चढला होता. "वाशीकर! हे पान वर्तमानपत्र यायच्या आधीचे आहे याला पुरावा?"

"म्हैस, हुजूर."

"क्या?"

"बेचाळीस नंबर. येरमाळ्याच्या म्हशीचा अर्ज. एक्केचाळीसच्या लगेच खाली, त्याच पानावर. तो त्याच दिवशी कचेरीत दाखल आहे. आपला शिक्का असेल. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी आले."

म्हशीची मिसल, म्हणजे कचेरीतला कागदांचा जुडगा, निघाली. शिक्का होता. तारीख होती. आणि माझ्या वहीत त्या म्हशीच्या वरच शिवाप्पाचा चंद्र बसला होता. पहाटेची वेळ तर माझ्या वर्तमानपत्रातही नव्हती. ती कचेरीत पहिल्यांदा आली ती वेधशाळेच्या पत्रातून. मग सोनारीच्या गवंड्याला ती कोठून कळणार? विहिरीवर हजर असल्याशिवाय?

पण गुत्तेदार सोडायला तयार नव्हते. "सायब, मानूस जागा हुनार न्हाय असं पत्रच म्हनतं. मग ओळंबा कसा हलंल?"

यावर साहेब उठले आणि सरळ बाहेर चालू लागले. सगळी कचेरी त्यांच्या मागे. कचेरीच्या आवारात जुनी विहीर आहे. त्यांनी शिवाप्पाला त्याचा ओळंबा दांड्यावरून सोळा हात सोडायला लावला. दुसरा एक ओळंबा एक हात दोरीवर त्याच दांड्याला बांधला. मग दांड्याचे टोक स्वतः धरून हळूहळू मागेपुढे केले. इतके हळू की दांडा हलतो आहे हे डोळ्यांना जेमतेम दिसावे.

आखूड दोरीचा ओळंबा दांड्याबरोबर नुसता सरकला. लांब दोरीचा झुलू लागला. आधी बोटभर. मग वीतभर. मग पाळण्यासारखा.

"आर्र!" बाबू गुरव ओरडला. "शिवाप्पा, असाच का रं?"

"असाच! ह्येच की!" शिवाप्पा पहिल्यांदा मोठ्याने बोलला.

"लांबून येणारा कंप असा संथ असतो," साहेब म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर पोरासारखा आनंद. "माणसाला तो कळत नाही. लांब दोरीला कळतो, विहिरीच्या पाण्याला कळतो. राजधानीच्या यंत्रातही शेवटी एक लोंबते वजनच आहे. या गवंड्याने विहिरीत वेधशाळा टांगली होती, आणि त्याला ठाऊक नव्हते!"

मग घड्याळ काढून त्यांनी शिवाप्पाकडून चार घागरी पाणी ओढून भिंतीवर मारून घेतले. वेळ जवळजवळ पाव तास भरली. वेधशाळेच्या पत्रात होते की मोठे संथ कंप बराच वेळ चालू होते. साहेबांनी ती वेळ पत्राच्या कडेला पेन्सिलीने लिहिली.

पाणी मारणारा हजर होता, हे ठरले. मग भिंत पडली कशाने? शिवाप्पाने नम्रपणे सांगितले, "सायब, पडलेला चुना बघा. म्या गुत्तेदारास्नी दोनदा म्हनलं व्हतं, ही वाळू न्हाय."

सोनारीहून पडलेल्या भिंतीचा चुना मागवला. साहेबांनी एक ढेकूळ बोटांनी चुरून काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकले. वाळू असती तर तळाला बसून पाणी नितळ झाले असते. पेला लाल गढूळ झाला. नदीची वाळू म्हणून शेतातली माती मिसळली होती. मारुतरावांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

निकाल : शिवाप्पा निर्दोष. विहीर पुन्हा बांधावी, त्याच्याच हातून. गुत्तेदाराचा गुत्ता रद्द, मजुराच्या औषधपाण्याचा भार त्याच्यावर. आणि अर्जनवीस वाशीकर याचा परवाना एक महिना बंद, कारण त्याने अशिलाचा मजकूर बदलला. पूर्ण रद्द नाही, कारण त्याने तो बदलल्याचे स्वतः सांगितले.

तो एक महिना मी लिंबाखाली लेखणीशिवाय बसलो. लोक यायचे, मी त्यांना दुसऱ्या अर्जनवीसांकडे पाठवायचो. दुकानदार विचारायचा, "बापू, आज पृथ्वी हलली का?" मी चहा प्यायचो.

या गोष्टीला दोन पावसाळे झाले. सोनारीची विहीर भरली आहे. मी शिकलो ते थोडक्यात असे : छापलेली वेळ ही छापणाऱ्याची असते. अशील जी वेळ सांगतो ती आधी लिहावी, मग तिच्याशी वाद घालावा. आणि कच्ची वही पक्क्या अर्जापेक्षा जास्त जपावी.

आता मागणी. वेधशाळेने आपल्या पत्राच्या शेवटी लिहिले होते की तालुक्यात आणखी कोठे काही हलल्याचे कोणी पाहिले असल्यास कळवावे. परवाना परत मिळताच मी पहिला अर्ज तोच लिहिला, विनामोबदला. उत्तर अजून हाती आलेले नाही. टपालात कागद कोठे राहिला असेल तर तीच मागणी येथे पुन्हा मांडतो.

सबब अदबीने विनंती की, मकरानच्या समुद्रातील त्या उथळ भूकंपाच्या नोंदींत, मोठमोठ्या यंत्रांच्या खाली का होईना, पुढील ओळ दाखल करून घ्यावी व तसा लेखी जबाब मिळावा : "मुकाम सोनारी, तालुका परंडा. यंत्र, एक पितळी ओळंबा, दोरी सोळा हात. पाहणारा, शिवाप्पा गवंडी. दिशा, मावळतीकडे, किंचित उत्तरेस. मुदत, चार घागरी. वेळ, पहाट, चंद्र अर्ध्या आभाळात, गावात जाते सुरू होण्यापूर्वी."

सदर मजकूर अर्जदाराने सांगितला तसाच लिहिला आहे. लिहिणाऱ्याने त्यात काहीही घातलेले नाही.